गाडी बेळगावातून गेली, पासिंग एमएच-०९: विम्याचं काय?

बेळगावच्या शहापूर भागातल्या एका वाचक भगिनींच्या पत्राचा हा सारांश. गल्ली अरुंद, म्हणून त्यांची गाडी रात्री मुख्य रस्त्यावर लावलेली असायची. रविवारी पहाटे ती जागेवर नव्हती. पेट्रोलची, ११९७ सीसीची, चार वर्षं जुनी गाडी. दोन वर्षांपूर्वी कोल्हापुरात सेकंडहँड घेतलेली, पासिंग एमएच-०९. आरसी आणि पॉलिसी दोन्ही त्यांच्याच नावावर, पण पत्ता कोल्हापूरच्या माहेरचा. बँकेचं कर्ज अजून बाकी आहे. दोन किल्ल्यांपैकी एक गेल्या वर्षी सौंदत्तीच्या यात्रेत हरवली, त्याची नोंद कुठेच केलेली नाही. पोलीस ठाण्यात अर्ज ठेवून घेतला आणि 'दोन दिवस शोधा, मग या' म्हणून सांगितलं. दीर म्हणतात, बाजारातून दुसरी किल्ली करून आणू, म्हणजे दोन्ही दाखवता येतील. कोल्हापूरचा विमा एजंट म्हणतो, 'माहेरी आला होता, तिथून गाडी गेली असं लिहा. कर्नाटकची भानगडच नको.' पत्र लिहिलं तो चोरीनंतरचा तिसरा दिवस. त्या विचारतात: एजंटचं ऐकू का? आणि एमएच गाडी बेळगावात ठेवली म्हणून क्लेम बुडेल का?

ताई, एजंटचं ऐकू नका, आणि दिरांचंही नको. दोघांना तुमचं भलंच हवं असेल. पण दोघांनी एक गोष्ट धरून चालली आहे, की विमा कंपनी फक्त बिनडागाच्या फाइलला पैसे देते. तुमच्या फाइलमध्ये दोन-तीन गोष्टी अडचणीच्या आहेत हे खरं. त्या आहेत तशा सांगितल्या तर क्लेम रेंगाळेल, कदाचित थोडा कापला जाईल. त्या झाकायला खोटं लिहिलं आणि ते उघडं पडलं, तर कंपनीला सगळा क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं. शिवाय पोलिसांना खोटी माहिती देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली गुन्हा आहे, तो वेगळाच.

ते उघडं पडतंच. चोरीच्या क्लेममध्ये कंपनी तपासनीस नेमते. तो तुमच्या गल्लीत येतो, समोरच्या किराणा दुकानात विचारतो, गाडी रोज कुठे लागायची, शेवटची कधी दिसली. त्या रात्री तुमचा मोबाइल कुठल्या टॉवरला होता, फास्टॅगचे पैसे कोगनोळीला कापले गेले का, हे सगळं नोंदलेलं असतं. शनिवारी तुम्ही माहेरी गेलाच नव्हता, तर हत्तरगी आणि कोगनोळी या दोन्ही नाक्यांवर तुमच्या गाडीची नोंद कुठून येणार? एजंटची युक्ती दुसऱ्या कारणानेही फुकट आहे. गुन्हा जिथे घडला तिथलं ठाणंच तपास करतं. कोल्हापुरात खरं सांगून तक्रार दिलीत तरी ती शून्य क्रमांकाने नोंदवून बेळगावलाच पाठवतील. म्हणजे कर्नाटकची भानगड टळत नाही, चार-आठ दिवस मात्र जातात.

आता आधी एफआयआर. बाकी सगळं त्याच्यामागून.

अर्जाची पोच आणि एफआयआर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे बऱ्याचदा नुसतं हिंबरह (अर्ज मिळाल्याचा कागद) हातात देऊन बोळवण होते आणि लोक तोच कागद विम्याला जोडतात. तो चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, तोंडी सांगितलेली असेल तर लिहून ती तुम्हाला वाचून दाखवावी लागते आणि एफआयआरची प्रत फुकट द्यावी लागते. नोंदवायला नकार दिला तर तीच हकीकत लेखी स्वरूपात टपालाने वरिष्ठांकडे पाठवता येते. शहरात त्यासाठी पोलीस आयुक्तालय, तालुक्यात जिल्हा पोलीस अधीक्षक. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. बहुतेक वेळा रजिस्टर पोस्टाची पावती दाखवली की तेवढ्यावरच काम होतं.

'दोन दिवस शोधा' असं तुम्हाला ठाण्यातच सांगितलं होतं, तर ते जबाबात लिहून घ्या: रविवारी किती वाजता गेलो, कोणाला भेटलो, अर्ज कोणी घेतला. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख असेल तर ती सोन्याच्या मोलाची. कंपनी पुढे उशिराचा मुद्दा काढणार, आणि उशीर तुमचा नव्हता हे त्या शिक्क्यावरून ठरणार.

एफआयआर कन्नडमध्ये असेल. कन्नड वाचता येत नसेल तर ज्याला येतं अशा माणसाला बरोबर न्या आणि सही करण्यापूर्वी चार गोष्टी बोट ठेवून वाचून घ्या: तारीख आणि वेळ, गाडी लावल्याची जागा, नंबरप्लेट, इंजिन आणि चेसिस नंबर. शेवटच्या दोन्हींत फार घोळ होतो. चेसिस नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही तीन इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. म्हणजे तिथे गोल दिसला की तो शून्यच, आणि उभी रेघ दिसली की तो एकच. लेखनिकाने ओ किंवा आय टाइप केला असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. नंतर दुरुस्तीसाठी पुरवणी जबाब द्यावा लागतो, आणि तोवर कंपनीचं पत्र येतं की एफआयआरमधली गाडी पॉलिसीतल्या गाडीशी जुळत नाही. आरसीची प्रत डिजिलॉकरवरून काढून सोबत ठेवा, म्हणजे तोंडी सांगायला नको. मूळ आरसी, चेकबुक, लायसन्स असं काही गाडीत राहिलं असेल तर तेही तक्रारीत लिहा.

किल्लीबद्दलही जबाबात साधं वाक्य घाला: एक किल्ली माझ्याकडे आहे, दुसरी अमुक महिन्यात सौंदत्तीला हरवली, तेव्हा तक्रार केली नव्हती. एवढंच. सफाई नको.

फास्टॅगबद्दल एक. गाडी गेली की लोक घाईने टॅग बंद करतात. तसं करण्याआधी ठाण्यात विचारा. टॅग चालू राहिला तर कुठल्या नाक्यावर पैसे कापले गेले याचा मेसेज तुमच्याच मोबाइलवर येतो. कोगनोळी आला तर गाडी महाराष्ट्रात, हिरेबागेवाडी आला तर धारवाडकडे, गणेबैल आला तर खानापूर-गोव्याच्या वाटेला. सराईत चोर टॅग काचेवरून सोलून काढतो, हेही खरं; पण रविवार पहाटेपासूनचे मेसेज तपासून घ्यायला काही खर्च नाही. आणि गल्लीतल्या दुकानांच्या कॅमेऱ्यातलं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. ते आजच पेनड्राइव्हवर घ्या. पोलीस येतील तेव्हा मागतील म्हणून थांबू नका.

आजच विमा कंपनीला कळवा. एजंटला सांगितलं म्हणजे कंपनीला सांगितलं, हा गैरसमज गावोगावी आहे. टोल-फ्री नंबरवर फोन करून क्लेम नंबर घ्या आणि त्याच दिवशी ई-मेल टाका. तीन दिवस गेले म्हणून हातपाय गाळू नका. चोरीच्या एका ट्रॅक्टरच्या प्रकरणात मालकाने पोलिसांत लगेच तक्रार दिली होती, कंपनीला मात्र ५२ दिवसांनी कळवलं. २४ जानेवारी २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की एफआयआर तत्परतेने झाला असेल आणि चोरी खरी असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येणार नाही. यातलं मर्म लक्षात घ्या: सूट आहे ती कंपनीला कळवण्यातल्या उशिराला, पोलिसांत जाण्यातल्या उशिराला नव्हे. 'मिळेल कुठेतरी' म्हणत जे आठवडाभर नातेवाइकांमार्फत शोधत बसतात, त्यांना हा निकाल उपयोगाचा नाही.

आता एमएच पासिंगचं. सीमाभागात हा प्रश्न घरोघरी आहे, कारण कर्नाटकात गाडीचा रोड टॅक्स महाराष्ट्रापेक्षा जास्त आणि कोल्हापूर हाकेच्या अंतरावर. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवली तर त्या राज्याचा नंबर घ्यावा लागतो. तुमची दोन वर्षं झाली, म्हणजे हा नियम तुम्ही मोडला आहे. आरटीओने कर किंवा दंड मागितला तर ते देणं तुमच्या अंगावर येऊ शकतं. पण ते आरटीओचं आणि तुमचं प्रकरण. गाडी बेळगाव आरटीओच्या केए-२२ नंबराची असती तरी त्या रात्री ती तशीच गेली असती. चोरीशी ज्याचा संबंध नाही अशा अटीच्या भंगावरून चोरीचा क्लेम सरसकट नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये नितीन खंडेलवाल प्रकरणात म्हटलं आहे.

कंपनी मात्र २०२१ चा सुशीलकुमार गोदारा निकाल पुढे करील, त्याची तयारी ठेवा. तिथे गाडीचं तात्पुरतं रजिस्ट्रेशन संपून गेलं होतं, कायमचं केलेलंच नव्हतं, आणि गाडी जोधपूरला चोरीला गेली. विनानोंदणी गाडी रस्त्यावर होती म्हणून क्लेम गेला. तुमची नोंदणी चालू आहे, तुमच्याच नावावर आहे. दोन्ही प्रकरणांत हा फरक आहे, आणि उत्तरात तो स्पष्ट लिहायचा.

पत्त्याचा मुद्दा जास्त नाजूक. आरसीवर आणि पॉलिसीवर माहेरचा पत्ता, राहायला बेळगावात. कंपनी म्हणेल, माहिती लपवली. मग विचारायचं, लपवून फायदा काय झाला? खाजगी गाडीच्या हप्त्यासाठी देशाचे दोन झोन धरतात. ए झोनमध्ये मुंबई, पुणे, बेंगळूरूसारखी आठ मोठी शहरं, बी मध्ये बाकी सगळा देश. कोल्हापूर बी, बेळगावही बी. कोल्हापूरचा पत्ता दाखवून तुमचा हप्ता कमी झाला नाही. क्लेम फॉर्ममध्ये दोन्ही पत्ते लिहा, सध्या राहतो तो आणि आरसीवरचा. ज्यांची गाडी अजून दारात उभी आहे आणि पासिंग पुण्याचं किंवा बेंगळूरूचं आहे, त्यांनी आणि बाकी सगळ्यांनीही कंपनीला राहता पत्ता ई-मेलने कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्यावी. त्याला फारसा खर्च येत नाही.

सेकंडहँड गाडीवाल्यांसाठी याच ओघात दोन गोष्टी. आरसी नावावर झाली म्हणून पॉलिसी नावावर झाली असं नाही. थर्ड पार्टीचा भाग आपोआप नव्या मालकाकडे येतो. चोरीचं संरक्षण ज्या भागात असतं त्या स्वतःच्या नुकसानीच्या भागासाठी मात्र १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. तुमचं हे झालेलं आहे. दुसरं, आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नसतो. एजंटने नूतनीकरण करताना तो तसाच पुढे ओढला असेल तर तुमची चूक नसतानाही चुकीची माहिती तुमच्या नावावर चढते. पॉलिसी काढून बोनसचा रकाना आजच पाहा. चुकीचा असेल तर तपासनीसाने शोधण्याआधी आपणहून कळवा आणि फरकाची रक्कम भरायची तयारी दाखवा.

किल्ली. नवी किल्ली करून आणली तर ती ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. वापरातल्या किल्लीच्या दात्यांच्या कडा झिजलेल्या असतात, बटणावरचं चित्र पुसट झालेलं असतं, कडीच्या भोकाशी चरे असतात. कालची किल्ली कालचीच दिसते. चिपच्या किल्लीचं तर गाडीच्या संगणकाशी जुळणी केल्याशिवाय कामच होत नाही, आणि गाडीच जागेवर नसताना जुळणी कशी केली, या प्रश्नाला दिरांकडे काय उत्तर आहे? आहे ती एक किल्ली द्या, पोच घ्या, आणि दुसरीबद्दल शंभर-दोनशेच्या स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र करा. कंपनी निष्काळजीपणाची अट काढेल. त्यावर मुद्दा असा, की किल्ली वर्षापूर्वी, दुसऱ्या तालुक्यात, यात्रेच्या गर्दीत हरवली; तिच्यावर गाडीचा नंबर किंवा पत्ता लिहिलेला नव्हता. असेल तर तेही सांगा.

फार ताणलं तर कंपनी 'नॉन-स्टँडर्ड' (अट मोडली, तरी पूर्ण नाकारायचा नाही असा क्लेम) म्हणून ७५ टक्क्यांचा प्रस्ताव देईल. २०२३ मध्ये एका ट्रकच्या प्रकरणात किल्ली गाडीतच राहिली होती, तरी सर्वोच्च न्यायालयाने ७५ टक्के द्यायला लावले. तुमची स्थिती त्याहून बरी आहे, त्यामुळे ७५ वर लगेच मान डोलावू नका. किल्ली ज्यांची आत्ता हरवली असेल त्यांनी पोलिसांच्या ई-लॉस्ट सेवेत नोंद करावी आणि शोरूममध्ये जाऊन हरवलेली किल्ली गाडीच्या संगणकातून काढून टाकायला सांगावी. बिल जपून ठेवावं.

कागदपत्रांच्या यादीत सीमेवरच्या माणसाला हमखास अडवणारा एक कागद असतो. तपास लागला नाही की पोलीस न्यायालयात अंतिम अहवाल देतात. महाराष्ट्रात त्याला 'अ समरी' म्हणतात, कर्नाटकात 'सी रिपोर्ट'. कोल्हापूर-पुण्याचं कार्यालय छापील यादीप्रमाणे 'अ समरी' मागतं आणि माणूस इथल्या ठाण्यात जाऊन ती मागत बसतो. इथे ती मिळणार नाही. कंपनीला लेखी कळवा की कर्नाटकात खरा पण उघडकीस न आलेला गुन्हा सी रिपोर्टने बंद होतो, आणि न्यायालयाच्या नकला विभागातून त्याची प्रमाणित प्रत काढून, सोबत नोटरी केलेलं भाषांतर जोडून द्या. एफआयआरचंही भाषांतर तसंच. हा अहवाल व्हायला काही महिने लागतात. ९० दिवसांच्या आत तपासाची प्रगती फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, त्याच्या आधारे लेखी विचारणा करत राहा.

तोवर बाकीची जमवाजमव: क्लेम फॉर्म, लायसन्स, केवायसी, रद्द केलेला चेक, आरटीओचे फॉर्म २८, २९, ३० सह्या करून, कर्ज आहे म्हणून फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, सब्रोगेशनचं पत्र (पैसे दिल्यावर गाडीवरचे तुमचे हक्क कंपनीला देणारं). आरटीओला चोरी कळवल्याची पोचही लागते. तुमची नोंदणी कोल्हापूरची, म्हणून पत्र कोल्हापूर आरटीओला, प्रत बेळगावला. 'वाहन' या आरटीओच्या ऑनलाइन नोंदीत चोरीचा शेरा पडला की ती गाडी कोणाच्या नावावर करता येत नाही. कोऱ्या कागदावर सही कुणालाच नको, तपासनीसाला तर नकोच. जबाब वाचून, त्याचा फोटो काढून मगच सही.

पैशाचा हिशेब सरळ आहे. पॉलिसीवरची आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यासाठी ठरवलेली किंमत, हीच रक्कम धरतात, चोरीच्या दिवशी बाजारभाव काय होता हे बघत नाहीत, आणखी घसाराही कापत नाहीत. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट १,००० रुपये, स्वतःहून वजावट घेतली असेल तर ती वेगळी. समजा आयडीव्ही ४,२०,००० आणि कर्ज बाकी २,६०,०००. तर ४,१९,००० पैकी २,६०,००० आधी बँकेला आणि १,५९,००० तुम्हाला. म्हणून हप्ते बंद करू नका. गाडी गेली तरी कर्ज जात नाही, आणि थकलेल्या हप्त्यांचं व्याज तुमच्याच वाट्यातून कापलं जातं. हप्ता कमी बसावा म्हणून नूतनीकरणाला आयडीव्ही उतरवणारे इथे पस्तावतात.

कंपनीने नाकारलं किंवा कमी दिलं तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या आणि बीमा भरोसा पोर्टलवर नोंदवा, फोनसाठी १५५२५५. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. इथे ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. नकारापासून वर्षाच्या आत जायचं. राहत्या जागेवरून गेलात तर बेंगळूरू. पण पॉलिसी कोल्हापूर शाखेची असेल तर शाखेच्या ठिकाणावरून पुण्यालाही जाता येतं. निवड तुमची आहे, आणि मराठीत बोलायचं सोयीचं वाटत असेल तर पुणे वाईट नाही. ग्राहक आयोगात जायचं तर बेळगावच्या जिल्हा आयोगातच तक्रार करता येते, कारण तुम्ही राहता तिथे करण्याची मुभा २०१९ च्या कायद्याने दिली आहे. मुदत दोन वर्षं.

आणि गाडी मध्येच सापडली तर? पैसे मिळण्याआधी सापडली तर न्यायालयात अर्ज करून ताबा घ्या, पण गॅरेजला नेण्याआधी कंपनीच्या सर्व्हेअरला जागेवर दाखवा. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर ती पूर्ण नुकसान धरली जाते. पैसे मिळाल्यानंतर सापडली तर गाडी कंपनीची. पोलिसांचा फोन तुम्हालाच येईल, कारण फिर्यादी तुम्ही; तुम्ही तो त्याच दिवशी कंपनीला ई-मेलने कळवायचा.